लाल ठिपका

लवू धुरीने कुणाला बरं म्हटल्याचं दिंडोशीत कुणाला आठवत नाही. इमारतीचा सेक्रेटरी त्याच्या लेखी चहाच्या टपरीवरचा हिशेबनीस. खालचा भाजीवाला चोर, समोरचा दूधवाला महाचोर. टीव्हीवर बातम्या सांगणारी मुलगी पडद्यावर आली की हा सोफ्यावरून म्हणायचा, "तोंड बघ हिचा." वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत त्याने जगाची बारकाईने तपासणी केली होती आणि जग नापास झालं होतं. पास झालेला माणूस एकच, आणि तो रोज सकाळी दाढी करताना त्याला आरशात दिसायचा.

आता असल्या माणसाचं चरित्र कुणी कशाला सांगावं? पण त्याच्या बोटाला जे झालं ते ऐकण्यासारखं आहे. त्या बोटाच्या जिवावरच तर त्याचा सगळा तोरा होता.

साकीनाक्याच्या एका आतल्या गल्लीत हर्षदशेठचं वर्कशॉप आहे. तिथे पंपात बसवायचे स्टीलचे दांडे लेथवर घासून, पॉलिश करून तयार होतात. लवू तिथे तीस वर्षं तपासनीस. दांड्याचा पृष्ठभाग किती गुळगुळीत झालाय हे बघायला आता यंत्रं निघाली आहेत, पण लवूचं यंत्र म्हणजे त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं नख. दांडा डाव्या हातात धरायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि नखाचं टोक दांड्यावरून हळूच ओढायचं. डोळ्यांना न दिसणारी रेघ त्या नखाला लागायची. खोटं कशाला बोला, त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. माणूस शिष्ट असला म्हणून त्याचं नखही खोटं ठरत नाही.

रेघ लागली की लवू टेबलाखालचा लाल रंगाचा डबा काढायचा आणि दांड्याच्या बुडाला बोटाच्या टोकाएवढा ठिपका द्यायचा. लाल ठिपका म्हणजे रद्द. मग तो दांडा घडवणारा कारागीर दिवसभर लालेलाल तोंड करून फिरला तरी याला पर्वा नव्हती. लेथवरचा धोंडिराम तर त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, पण ठिपका देताना लवू त्याच्याकडे बघतसुद्धा नसे.

ओतीव मालाची खेप आली की त्याचा आणखी एक खाक्या असायचा. दहा नग वरून कितीही चकचकीत असोत, एक उचलून तो करवतीखाली घालायचा. शेठ कळवळायचा, चांगला नग कशाला फुकट घालवता म्हणायचा. लवू मान वाकडी करून सांगायचा, "वरून सगळेच गुळगुळीत असतात, शेठ. आत पोकळ आहे की भरीव, ते कापल्याशिवाय कळत नाही." हे वाक्य त्याने तीस वर्षांत किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल त्याची गणती नाही. आपल्याच तोंडावर ते यायची वेळ येईल, हे मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

पण बोटाकडे जाण्याआधी त्याच्या बायकोकडे जायला हवं, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

विमला वेंगुर्ल्याच्या बाजूची. बोलायला कमी, कामाला वाघ. लवूच्या घरात येऊन तिने अठ्ठावीस वर्षं काढली, आणि त्या अठ्ठावीस वर्षांत माशाच्या कालवणात मीठ बरोबर पडलं आहे असं तिला एकदाही ऐकायला मिळालं नाही. नऊ वर्षांपूर्वी, तिच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तिच्या अंगावरून पाळीशिवाय रक्त जायला लागलं. तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, पण वेळेवर. ऑपरेशन करून पिशवी काढली, मग पंचवीस दिवस किरणांचे डोस. ती बसने एकटी जायची आणि एकटी यायची. लवू हॉस्पिटलची पायरी दोनदा चढला, त्यातून एकदा सही करायला.

तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की हा रोग एका विषाणूमुळे होतो आणि तो संबंधांतून येतो. त्यापुढचं ऐकायला हा थांबला असता तर ना. हा घरी आला, मोबाइलवर चार ओळी वाचल्या, तेवढ्यावर पंडित झाला, आणि संध्याकाळी शेगडीपाशी उभ्या असलेल्या विमलाला त्याने विचारलं, "खंयसून हाडलंस ह्या?"

कुठून आणलंस म्हणजे काय, तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने गॅस बारीक केला आणि ती आत जाऊन बसली. तिने कुणाकडे कधी मान वर करून पाहिलेलं नव्हतं, आणि हे लवूलाही पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं. त्याचा स्वभावच तो. रेघ दिसली की दोष दांड्याचा.

राजकोटची गोष्ट त्या संध्याकाळी त्याच्या मनात आली नव्हती असं नाही. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शेठने त्याला नवीन लेथ आणायला राजकोटला धाडलं होतं. यंत्र तयार व्हायला दोन महिने लागले. तिथल्या लॉजवर दलालाने गाठ घालून दिलेली एक बाई होती, आणि लवू तिच्याकडे एकदा नाही, पाच-सहा वेळा गेला होता. ती आठवण त्याने उचलली, बघितली आणि न तपासताच पास करून बाजूला ठेवली. त्याचं नख फक्त दुसऱ्यांच्या मालावर चालायचं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून येताना तो बाटलीच्या झाकणात लाल रंग घेऊन आला. विमलाचं ताट, पेला, आंघोळीची बादली आणि प्लॅस्टिकचा मग, अशा चारही वस्तूंच्या बुडाला त्याने एकेक ठिपका दिला. म्हणाला, "घरात पोर आसा. ह्या तुझा वेगळा." पोर म्हणजे श्वेता, तेव्हा पंधरा वर्षांची. ती ओरडली, रडली, दोन दिवस बापाशी बोलली नाही. त्याचा काय उपयोग? घासून घासून रंग उडायचा, तर हा दर दिवाळीला, घराला रंग लावावा तसा, ठिपक्यांवर नवा हात मारायचा. असे नऊ हात चढले. डॉक्टरांनी श्वेतासाठी त्याच विषाणूवरची लस लिहून दिली होती. तो कागद त्याने फाडला. लग्नाआधी मुलीला असल्या लशी देणारं आमचं घर नाही, असं तो वर म्हणाला. कुणापुढे म्हणाला, तर विमलापुढे.

बोटाचं दुखणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. तर्जनीच्या नखाच्या डाव्या कडेला चामखिळीसारखं काहीतरी खरखरीत उगवलं. लवूने ते दुपारच्या सुट्टीत ब्लेडने तासलं. महिन्याभरात ते पुन्हा आलं. मग चुना आणि खायचा सोडा. मग गावाहून बहिणीने पाठवलेला घोड्याच्या शेपटीचा केस, तो मुळाशी करकचून बांधला. मग वर्कशॉपमध्ये झाळकामाला ठेवलेल्या ॲसिडचा थेंब. त्याने सालपट निघालं, हा खूश झाला, आणि सहा आठवड्यांनी ती चामखीळ नखाखाली शिरली.

शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने नखाची बुरशी म्हणून मलम दिलं, ते चार महिने लावलं. दुसऱ्याने नखुरडं म्हणून गोळ्या दिल्या. दोघेही गाढव, असा शेरा मारून लवूने दोघांनाही सोडलं. आता त्या दोघांची चूक होतीच, पण तिसरा कुणी बरोबर सांगेल म्हणून याने शोध घेतला का? छे. चामखिळीसाठी डॉक्टरांच्या दारात उभा राहीन तर नावाचा लवू धुरी नाही, म्हणे. नख एका बाजूने उचललं गेलं, कडेला ओलसर जखम राहायला लागली, मध्येच काळपट रेघ दिसू लागली. तो पट्टी बांधायचा आणि पट्टीवर रबरी टोपण चढवायचा.

आणि मग त्याने ते केलं जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याने त्याला वर्कशॉपच्या दारातून हाकललं असतं. त्याने गुपचूप मधल्या बोटाचं नख वापरायला सुरुवात केली. मधलं बोट शिकलेलं नव्हतं. ते दांड्यावरून जायचं आणि त्याला काही लागायचं नाही, पण लवू मान डोलवायचा आणि माल पास करायचा. धोंडिराम बघायचा आणि गप्प बसायचा. ज्याला तीस वर्षं तोंड उघडू दिलं नाही तो आता कशाला बोलेल?

मार्चमध्ये चाळीस दांडे परत आले. प्रत्येकावर रेघ. हर्षदशेठने एक दांडा लवूच्या टेबलावर ठेवला आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "लवूभाऊ, हे तुम्ही पास केलेलं आहे." लवूने दांडा हातात घेतला. सवयीने तर्जनी पुढे गेली, टोपण दांड्याला टेकलं आणि अशी कळ आली की त्याच्या हातातून दांडा सुटला. तो लादीवरून गडगडत धोंडिरामच्या पायाशी गेला. धोंडिरामने तो उचलला, त्यावर आपलंच नख फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढी रेघ तर मलापण लागते."

त्या रात्री जेवताना टोपणातून रक्त गळून ताटात पडलं. श्वेता आता चोवीस वर्षांची, मरोळच्या एका ऑफिसात नोकरीला. तिने ते पाहिलं आणि बापाचं काही ऐकून न घेता दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली.

मोठ्या हॉस्पिटलातल्या त्वचाविभागात डॉक्टर रश्मी होत्या. पस्तिशीच्या, केस आखूड कापलेल्या. लवूने त्यांना नखशिखांत पाहून घेतलं आणि मनातल्या मनात नापास केलं. त्यांनी टोपण काढलं, बोट भिंगाखाली धरलं, बराच वेळ बघितलं.

"किती दिवस झाले, काका?"

"चामखीळ आहे. होते अधूनमधून."

"तीन वर्षं झाली," श्वेता म्हणाली.

"तीन वर्षं न बरी होणारी चामखीळ मला चामखीळ वाटत नाही. एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू या. बोट बधिर करून काढू, दुखणार नाही."

लवूने हात मागे घेतला. "कापाकापी कशाला? वरून दिसतंय ना. मलम द्या."

"वरून कसं सांगू मी, काका? आत काय आहे ते कापल्याशिवाय नाही कळत."

श्वेताला काही ठाऊक नव्हतं. डॉक्टरला तर नव्हतंच. पण ते वाक्य तीस वर्षं लवूचं होतं. कुणीतरी त्याच्याच खिशातली वस्तू काढून त्याला विकत द्यावी तसं त्याला झालं. त्याने हात टेबलावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पंधरा दिवसांनी निकाल आणायचा होता. श्वेताला रजा मिळेना, म्हणून विमला निघाली. लवू म्हणाला, "तू कित्याक? मी जातंय." ती चप्पल घालून दारात उभी राहिली. नऊ वर्षांपूर्वी ती एकटी जात होती तेव्हा त्या दारात कुणी उभं राहिलं नव्हतं, हे तिच्या मनात आलं की नाही कोण जाणे. लवूच्या मात्र आलं, आणि त्याने लिफ्टचं बटण उगाच चार वेळा दाबलं.

डॉक्टर रश्मींनी दोघांना बसायला सांगितलं. बोलणं सरळ होतं. नखाभोवतीच्या कातडीचा कॅन्सर. हळू वाढणारा, सहसा लांब पसरत नाही, पण तीन वर्षं मिळाल्यामुळे एक्स-रेत हाडाचं टोक खाल्लेलं दिसतंय. बोटाचं शेवटचं पेर काढावं लागेल, नखासकट. बगलेतल्या गाठी बघितल्या, त्या ठीक आहेत. जीव वाचेल.

जीव वाचेल हे लवूने ऐकलं की नाही शंका आहे. नखासकट हे ऐकलं. त्याने डाव्या हाताची मूठ तर्जनीभोवती आवळली.

"अजून एक," डॉक्टर म्हणाल्या. "तुकड्यात एका विषाणूचा अंश सापडलाय. बोटाच्या या कॅन्सरमागे पुष्कळदा तोच असतो. म्हणून विचारते, तुम्हाला किंवा घरात कुणाला गुप्तांगाचा काही आजार, गर्भाशयाच्या तोंडाचा काही त्रास झाला होता का?"

लवू पंख्याकडे बघायला लागला. आता खरं संकट पुढे आलं होतं. पेर गेलं तर गेलं, नोकरी गेली तर गेली, पण ही बाई विमलासमोर पुढचं वाक्य बोलणार होती आणि ते थांबवायला त्याच्या हातात काही नव्हतं.

"मला झाला होता," विमला म्हणाली. "गर्भाशयाच्या तोंडाचा. नऊ वर्षं झाली."

"हो का? मग तुम्हाला माहीत असेल. तोच विषाणू आहे हा. त्याच जातीचा."

"हाच?"

"हाच. एका जोडीदाराला तिकडे होतो, दुसऱ्याला कधीकधी असा बोटाला. हातावाटे जातो तो. सगळ्यांना नाही होत, पण होतो."

लवूला वाटलं, आता सुटलो. म्हणजे हिच्यामुळेच मला. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलंही असावं, कारण डॉक्टर रश्मींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकदा विमलाकडे.

"कुणाकडून कुणाला गेला ते आता कुणीच सांगू शकणार नाही. वीस-वीस, पंचवीस वर्षं शरीरात गप्प बसून राहतो. लग्नाआधीचा असू शकतो, नंतरचा असू शकतो. पुरुषांना बरेचदा कळतही नाही आणि ते पुढे देत राहतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, निम्म्याहून जास्त लोकांना कधी ना कधी होऊन जातो. मुलगी आहे ना तुम्हाला? तिला लस दिली का?"

"नाही दिली," विमला म्हणाली. कुणी नाही दिली ते ती बोलली नाही.

"अजूनही देता येईल. घेऊन या तिला."

विमलाने मान हलवली. मग ती पर्समधली घडी केलेली पिशवी चाळवत म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? हा ताटातून होतो का?"

"ताटातून?"

"जेवायच्या ताटातून. पेल्यातून."

"नाही हो. ताटाचा काय संबंध?"

"आंघोळीच्या बादलीतून? मगातून?"

"नाही. एका घरात राहिल्याने, एकत्र जेवल्याने काही होत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला असं?"

डॉक्टर हसून विचारत होत्या. विमलाने लवूकडे बघितलं नाही. "कुणी नाही," ती म्हणाली. "असंच विचारलं." आणि ती उठली.

रिक्षात लवूच्या घशात राजकोट अडकलं होतं. गोरेगावपर्यंत त्याने ते तीन वेळा वर आणलं आणि तीन वेळा गिळलं. चौथ्या वेळी तो बोलला. "विमल, राजकोटाक मी गेललंय मां, त्या वर्सा..."

"रिक्षावाल्याक सांगा, फुडल्या सिग्नलाक डावीकडे घेवक," विमला म्हणाली.

"माझा आयक तरी."

"नको."

तिने आवाज चढवला नाही. रडली नाही, शिवी दिली नाही. रस्त्यात कुणी कागद पुढे करावा आणि आपण न थांबता चालत राहावं, तसं तिने ते नको म्हटलं. सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट याने एकदाची बाहेर काढली, आणि ती घ्यायलाच कुणी नव्हतं. तिने माफ केलं असतं तर हा मोकळा झाला असता. भांडली असती तर हा उलटून भांडला असता आणि तेवढ्यापुरता मोठा झाला असता. तिने त्याला यातलं काहीच करू दिलं नाही.

ऑपरेशन तासाभरात उरकलं. टाके सुकायला तीन आठवडे गेले. श्वेताने लशीचा पहिला डोस घेतला आणि बापाला सांगायची तसदी घेतली नाही, कागद फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला.

लवू बँडेज बांधून वर्कशॉपमध्ये गेला तेव्हा त्याच्या टेबलावर तळहाताएवढं एक यंत्र ठेवलेलं होतं. दांड्यावर ठेवायचं, बटण दाबायचं, आकडा येतो. धोंडिराम ते चालवत होता. "शेठने चाळीस दांडे परत आले तेव्हाच मागवलं," तो म्हणाला, आणि चष्मा नाकावर खाली ओढून आकडा वहीत उतरवू लागला. त्याने टोमणा मारला नाही. पाण्याची बाटली पुढे केली. लवूला टोमणा परवडला असता. हर्षदशेठने त्याला सामान उतरवून घ्यायचं काम दिलं, खोके मोजायचं. पगार तोच ठेवला. उपकार करणारा माणूस आपल्याला किती खालचा समजतो, हे लवूला फार चांगलं कळत होतं, कारण त्याने स्वतः कधी उपकार केले असते तर तसेच केले असते.

आता घरी नवीनच खूळ सुरू झालं होतं. जेवायला बसलं की लवू आपलं ताट उचलून खालून बघायचा. आपल्या ताटालाही ठिपका पडला असेल, अशी त्याची खात्री होती. विमलाने तो द्यावा असंच त्याला वाटत होतं, खरं तर. म्हणजे फिट्टंफाट झाली असती. पण ताटाचं बूड रोज स्वच्छ. बादली स्वच्छ, मगही स्वच्छ. दहा-बारा दिवस त्याने हा तपास चालवला. विमलाला दिसत होतं, ती आमटी वाढून बाजूला व्हायची.

एका रविवारी संध्याकाळी श्वेता बाहेर गेली होती आणि विमला खाली दळण आणायला. लवूने भांड्यांच्या मांडणीवरून विमलाचं ताट काढलं, पालथं मांडीवर घेतलं आणि उजवा हात पुढे केला. टोकाशी नुसतं गुलाबी, मऊ, आखूड मांस होतं. ते रंगावरून घसरलं. त्याने मधल्या बोटाने खरवडलं, मग डाव्या अंगठ्याने. नऊ दिवाळ्यांचे नऊ हात होते, आणि रंग कंपनीचा, उत्तम. अंगठ्याच्या नखात लाल भुकटी गेली, नख मुळापासून दुखायला लागलं, ठिपक्याची कड तेवढी जराशी खरखरीत झाली. त्याला घाम फुटला. आपण काय करतोय हे आपल्याला नीट सांगता येत नाही, एवढं कळत होतं, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं ते घामाचं आहे असं तो स्वतःला सांगत होता.

दारात विमला उभी होती, पिठाचा डबा कमरेवर घेऊन. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"कित्याक घासतास?"

"जाता काय बघतंय."

"नखान जावचो नाय तो."

"रॉकेल लावन. थिनर हाडन उद्या वर्कशॉपातसून." लवू वर न बघता म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम पडला. "विमल, माझी चूक झाली गो."

तिने डबा ओट्यावर ठेवला. पदराने हात पुसले. त्याच्या मांडीवरचं ताट काढून घेतलं आणि बूड उजेडात धरून बघितलं, अगदी तो दांडा बघायचा तसं.

"ह्यो ठिपको माझो नाय," ती म्हणाली. "नऊ वर्सां मी ह्या ताटात जेवलंय, माका कधी तो दिसलो नाय. मी वरसून जेवतंय, खालसून नाय. लावलास तुमी, बघलास तुमी. तो तुमचो आसा. ऱ्हवांदे थयच."

तिने ताटावरची लाल भुकटी नळाखाली धुतली, ताट पुसलं आणि मांडणीत उभं ठेवलं, बूड बाहेरच्या बाजूला, सोफ्यावरून सरळ दिसेल असं. मग पिठाचा डबा उघडत तिने विचारलं की रात्री भाकरी किती टाकू.